हलक्या मोटारीचे गणित: एक प्रस्तावना

मोटारीच्या टाकीत ओतलेल्या इंधनातील ऊर्जेचे अखेरीस काय होते, या प्रश्नाचे भौतिकशास्त्रीय उत्तर फार लहान आहे: ती सगळी उष्णता होऊन जाते. घरून निघून, गावभर फिरून पुन्हा त्याच जागी येऊन उभ्या राहिलेल्या मोटारीने यांत्रिक अर्थाने काहीच कमावलेले नसते. ऊर्जेचा मोठा भाग इंजिनाच्या धुरातून आणि रेडिएटरमधून निघून गेलेला असतो, आणि जो थोडा भाग चाकांपर्यंत पोहोचतो तो टायर दबण्या-फुगण्यात, हवा ढवळण्यात आणि ब्रेक तापवण्यात संपतो. त्यामुळे अत्यल्प इंधनावर चालणाऱ्या मोटारीचा अभ्यास हा मुख्यतः गळतीचा अभ्यास ठरतो, आणि कोणती गळती मोठी व कोणती किरकोळ हे मोटारीच्या रचनेइतकेच ती कोणत्या रस्त्यावर, किती वेगाने आणि किती वेळा थांबत चालणार यावर अवलंबून असते. या विषयावरील बरेचसे लेखन जर्मनीतील महामार्ग किंवा स्पर्धेचा गुळगुळीत ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहे. डोंबिवलीच्या स्थानकाबाहेरचा रस्ता किंवा कल्याण–शीळ मार्ग डोळ्यांसमोर ठेवला, तर तेच सिद्धान्त कायम राहूनही त्यांचा अग्रक्रम पुष्कळसा उलटतो, आणि हा विषय मराठीत नव्याने मांडण्याचे खरे कारण तेच आहे.

सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाणाऱ्या वाहनाला दोन विरोध सोसावे लागतात. पहिला लोटण-विरोध, म्हणजे टायर रस्त्यावर टेकतो तेथे त्याचे रबर सतत दबत आणि पूर्ववत होत राहिल्यामुळे वाया जाणारी ऊर्जा. हा विरोध वाहनाच्या वजनाच्या प्रमाणात असतो आणि वेगाने त्यात फारसा फरक पडत नाही. दुसरा हवेचा विरोध, ज्याला ओढ म्हणतात. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. ओढ किती, हे हवेची घनता आणि वेग यांखेरीज दोन गोष्टींवर ठरते: वाहन समोरून पाहिले असता दिसणारे क्षेत्रफळ, आणि त्याचा आकार हवेला किती सुखाने वाट देतो हे सांगणारा ओढ-गुणांक. या दोहोंचा गुणाकार हीच खरी उपयोगाची संख्या आहे. जाहिरातीत मात्र एकटा गुणांक मिरवतो, कारण तो लहान दिसतो.

हे दोन्ही विरोध किती खाली आणता येतात, याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात तयार झालेल्या पॅक-कार-2 या हायड्रोजन इंधनघटावरील तीनचाकीचे आहे. 2005 मध्ये फ्रान्समधील लादू येथील ट्रॅकवर या वाहनाने एक लिटर पेट्रोलच्या बरोबरीच्या इंधनात 5,385 किलोमीटर अंतर कापण्याचा विक्रम नोंदवला. वाहनाचे वजन सुमारे 30 किलो, समोरचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर, ओढ-गुणांक 0.075 आणि टायरचा लोटण-गुणांक 0.0008 च्या आसपास होता. हे आकडे समीकरणांत घालून पाहण्याजोगे आहेत. चालकासह 80 किलो वजन धरले तर लोटण-विरोध येतो सुमारे 0.6 न्यूटन, आणि ताशी 30 किलोमीटर वेगाला ओढ येते सुमारे 0.8 न्यूटन, दोन्ही मिळून जेमतेम 1.4 न्यूटन, म्हणजे 145 ग्रॅम वजन हातात तोलून धरायला लागते तेवढे बळ. या वेगाने चाकांना पुरवावी लागणारी शक्ती 12 वॅट, घरातल्या एखाद्या एलईडी दिव्याला लागते तितकी. येथे लोटण आणि ओढ जवळजवळ समतोल आहेत, हीही लक्षात घेण्याची बाब आहे: चांगल्या अभिकल्पात एक गळती अर्धी बुजवून दुसरी तशीच सोडलेली नसते.

असा आकार कसा घडतो, हे समजण्यासाठी हवा वाहनाच्या अंगावरून कशी वाहते ते पाहावे लागते. पृष्ठभागाला अगदी लागून असलेली हवा वाहनाबरोबरच ओढली जाते आणि बाहेरची हवा जागच्या जागी असते. या दोहोंमधला, काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत जाडीचा थर म्हणजे सीमास्तर. हा थर पुढच्या भागात शांत, एकावर एक सरकणाऱ्या पापुद्र्यांसारखा असतो आणि पुढे कोठेतरी खवळतो. शांत अवस्थेत घर्षण कमी असते, म्हणून स्पर्धेतील वाहनांची टोकदार पुढची बाजू आणि मागे सरकवलेली सर्वाधिक रुंदी ही थर खवळण्याचा क्षण लांबवण्यासाठी असते. पावणेतीन मीटर लांबीच्या आणि ताशी 30 किलोमीटरने जाणाऱ्या कवचावर हे अंशतः साधते. चार मीटर लांबीची मोटार ताशी 90 ने जात असेल तर तशी अपेक्षा फार धरता येत नाही. चालकाच्या झाकणाची एखादी फट किंवा अर्धा मिलिमीटर वर आलेला सांधा हा थर जागीच मोडतो, आणि म्हणूनच स्पर्धेच्या दिवशी विद्यार्थी गाडीचे सगळे सांधे चिकटपट्टीने बुजवताना दिसतात.

मात्र नेहमीच्या मोटारीत घर्षण हा ओढीचा लहान भाग आहे. मोठा भाग मागच्या बाजूला घडतो. हवा पुढून फाकते, कडेने वेग घेते, आणि मागे पुन्हा जवळ येताना तिचा वेग उतरून दाब वाढू लागतो. मागची बाजू एकदम तुटक असेल तर सीमास्तराला तो वाढता दाब झेपत नाही, प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो आणि मागे भोवऱ्यांनी भरलेली, कमी दाबाची पोकळी तयार होते. ही पोकळी वाहनाला मागे खेचत राहते. तिचा पुरावा पाहायला वात-बोगद्यात जाण्याची गरज नाही. जुलैत चिखलाच्या रस्त्यावरून आलेल्या कोणत्याही हॅचबॅक मोटारीची मागची काच पाहावी: पुढची आणि बाजूची काच तुलनेने स्वच्छ असते आणि मागची राड्याने भरलेली असते, कारण चाकांनी उडवलेले थेंब भोवऱ्यांबरोबर उलटे फिरून काचेवर येऊन आदळतात. हॅचबॅकला मागचा वायपर लागतो आणि डिकीच्या सेदान मोटारीला बहुधा लागत नाही, याचे मूळ याच प्रवाहात आहे.

म्हणजे उपाय उघड आहे: मागची बाजू हळूहळू निमुळती करत न्यावी. बर्लिनच्या 1921 च्या मोटार प्रदर्शनात एडमंड रुम्पलर यांनी मांडलेली थेंबाच्या आकाराची मोटार त्याच विचाराची होती. तिचा एक नमुना 1979 मध्ये फोक्सवॅगनच्या वात-बोगद्यात मोजला तेव्हा ओढ-गुणांक 0.28 भरला, 1983 साली बाजारात आलेली आणि त्या काळी वायुगतिकीबद्दल वाखाणली गेलेली फियाट युनो 0.34 वर होती. झेपेलिन कंपनीत काम केलेल्या पॉल यारे यांनी विसाच्या दशकात मोटारींसाठी प्रवाहरेखित आकारांची मांडणी केली. अडचण लांबीची होती. शेपटी नीट निमुळती करायची तर ती गैरसोयीची होण्याइतकी लांब होते, आणि रुम्पलर यांच्या मोटारीची उंची व वजन पाहता तिचा चांगला गुणांक खपाला उपयोगी पडला नाही. तीसच्या दशकात श्टुटगार्टचे वूनिबाल्ड काम यांनी त्यावर व्यवहारी तोड काढली: शेपटी योग्य उताराने सुरू करावी आणि प्रवाह अजून चिकटलेला असतानाच ती सरळ कापून टाकावी, मागची पोकळी लहान राहते आणि लांबीही आवाक्यात राहते. फोक्सवॅगनने 2002 मध्ये दाखवलेली, दोन आसने एकामागे एक असलेली 290 किलोची मोटार (गुणांक 0.159) आणि तिची 2013 पासून मोजक्या 250 प्रतींत विकली गेलेली वंशज एक्सएल-1 (795 किलो, गुणांक 0.189) ही त्याच परंपरेतील टोके. दहा-बारा वर्षांत वजन पावणेतीनपट झाले, हे त्यांतील अधिक बोलके आहे. प्रयोगशाळेतून रस्त्यावर येताना आसने शेजारी-शेजारी येतात, काचा खाली होऊ लागतात, अपघात-सुरक्षेचे नियम लागतात, आणि त्या प्रत्येकाचे किलो मोजावे लागतात.

डोंबिवलीच्या वाचकाला मोटारींची निर्मिती ही दूरची गोष्ट नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा मूळ कारखाना कुर्ल्याला, तर दुसरा कल्याण–शीळ रस्त्यालगत, कागदोपत्री कल्याणचा पण प्रत्यक्षात डोंबिवलीच्या वेशीवरचा. प्रीमियर पद्मिनी ही मूळची फियाट 1100. तिचे 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन, उभी जाळी आणि ताठ काच हवेचा विचार गौण असलेल्या काळातील. नव्वदच्या दशकाच्या मध्यात याच कल्याणच्या कारखान्यातून पूजो 309 बाहेर पडू लागली. कामगार-संघर्ष आणि भागीदारांतील बेबनाव यांत तो प्रयोग काही वर्षांत आटोपला. कुर्ल्यातून त्याच सुमारास युनो निघत होती. वायुगतिकीने घडवलेल्या आकाराच्या या मोटारी मध्य रेल्वेच्या पट्ट्यात तयार झाल्या, पण ते आकार युरोपात ठरलेले होते; येथील अभियंत्याच्या हाती साचे आले, साचा तसाच का हा प्रश्न आला नाही.

तो प्रश्न विचारण्याचे श्रेय बरेचसे इचलकरंजीकडे जाते. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनी, अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण नसताना, 1949 पासून 1975 पर्यंत ‘मीरा’ या लहान मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतः घडवले. परवाना-राज्यात तिचे कारखान्यातले उत्पादन मात्र कधी उभे राहिले नाही. पुढे 10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीत अनावरण झालेली टाटा नॅनो, जिच्या विकासाचे नेतृत्व गिरीश वाघ यांनी केले, सुमारे 600 किलो वजन आणि मागे बसवलेले 624 घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरचे इंजिन घेऊन आली. नॅनोचा हलकेपणा किमतीच्या मर्यादेतून आलेला होता, इंधनाच्या नव्हे. तरी चाकाला तीन नट आणि काचेला एकच वायपर ठेवण्यामागची वृत्ती, म्हणजे प्रत्येक सुट्या भागाला ‘तू हवास कशाला’ असे विचारणे, ही अतिहलक्या वाहनाच्या अभिकल्पाची पहिली पायरी आहे. तिसरे उदाहरण बजाज क्यूटचे. 2012 मध्ये आरई-60 या नावाने दाखवलेले, वाळूजला बनणारे, सुमारे 400 किलोचे आणि 216 घनसेंटिमीटरचे हे चारचाकी लिटरमागे 35 किलोमीटरच्या आसपास जाते. पण ते रिक्षाही नाही आणि मोटारही नाही, त्यामुळे ‘क्वाड्रिसायकल’ या वर्गाचे नियम, न्यायालयीन वाद आणि परवानगी यांतून वाट काढत 2019 उजाडले तेव्हा कोठे ते देशातील ग्राहकांपर्यंत आले. हलकी मोटार अडली ती वजनकाट्यावर कमी आणि वर्गीकरणात जास्त, असे या तिन्ही उदाहरणांपैकी दोहोंबाबत म्हणता येईल.

आता कल्याण–शीळ रस्त्याचे गणित. प्रवाशांसह एक टन वजनाची, 1.8 चौरस मीटर समोरील क्षेत्रफळाची, 0.34 गुणांकाची लहान मोटार घेतली आणि सर्वसाधारण टायरचा लोटण-गुणांक 0.012 धरला, तर लोटण-विरोध येतो सुमारे 118 न्यूटन. हवेची ओढ ताशी 90 किलोमीटरला 230 न्यूटन, 60 ला सुमारे 100, आणि 30 ला अवघी 25 न्यूटन. दोन्ही विरोध समान होतात ते ताशी 65 च्या थोडे आत. त्याखाली टायर आणि वजन यांचे राज्य, त्यावर हवेचे. गर्दीच्या वेळी या रस्त्यावर ताशी 30 चा सरासरी वेग मिळणे हीच चैन असल्याने, ओढ-गुणांक 0.34 वरून 0.20 वर आणण्यासाठी केलेला खटाटोप येथे लोटण-विरोधाच्या दशांशाइतकाही वाचवत नाही. त्यात सिग्नल, गतिरोधक आणि मध्येच वळणाऱ्या रिक्षा. ताशी 40 च्या वेगात असलेल्या याच मोटारीत सुमारे 62 किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते, आणि ब्रेक दाबला की ती पट्ट्यांवर जळते. एक किलोमीटर शांतपणे ताशी 30 ने जाण्यास 143 किलोज्यूल लागतात, म्हणजे किलोमीटरमागे सव्वादोन वेळा असे थांबावे लागले तर खर्च थेट दुप्पट. वजन 380 किलोवर आणले तर प्रत्येक थांब्याचा दंड 23 किलोज्यूलवर उतरतो. ब्रेक लावताना मोटर उलटी चालवून बॅटरी भरण्याची विद्युत-वाहनांची युक्ती या दंडाचा काही भाग परत देते, परंतु जी ऊर्जा मुळात घ्यावीच लागली नाही तिच्याइतकी स्वस्त ऊर्जा कोणतीही मोटर परत देऊ शकत नाही.

यावरून वायुगतिकी येथे गैरलागू आहे असे समजणे मात्र चूक ठरेल. पूर्व द्रुतगती मार्ग आणि नाशिक महामार्ग याच नकाशावर आहेत, आणि वाहन जितके हलके करावे तितका लोटण-विरोध घटून हवेचा वाटा सापेक्षतेने वाढतो. 380 किलोच्या वाहनात दोन्ही विरोध समान होण्याचा वेग, आकार तोच राहिला तर, ताशी 40 वर येतो. वजन आणि वारा हे दोन स्वतंत्र प्रकरणांत शिकवले जाणारे विषय अभिकल्पात असे एकमेकांत गुंतलेले असतात.

परदेशी ग्रंथांत जवळजवळ न दिसणारी एक गळती कोकणपट्टीच्या हवामानात सर्वांत ढोबळ आहे, ती वातानुकूलनाची. वरच्या उदाहरणातील मोटारीला ताशी 30 च्या वेगाने हवा कापण्यासाठी सुमारे 210 वॅट आणि एकूण चालण्यासाठी सुमारे 1,200 वॅट लागतात. मे महिन्यात तिचा कॉम्प्रेसर एकटा एक ते दोन किलोवॅट मागतो, आणि वाहतूक ठप्प असतानाही मागत राहतो. म्हणजे पारदर्शक घुमटासारखे झाकण, जे वायुगतिकीच्या दृष्टीने देखणे आहे, ते डोंबिवलीत उष्णतेचा सापळा होते. काचेचा उतार, छताचा रंग, काचेचे क्षेत्रफळ आणि ओढ न वाढवता आत हवा खेळती ठेवणाऱ्या वाटा, म्हणजे दाब जास्त असलेल्या नाकाजवळ लहान प्रवेश आणि दाब कमी असलेल्या मागच्या भागात निकास, हे येथे शोभेचे नव्हे तर ऊर्जेचे प्रश्न आहेत. जमिनीपासूनच्या उंचीबाबतही तसेच. स्पर्धेतील कवच रस्त्याला घासेल इतके खाली असते आणि त्याची पोटाकडची बाजू गुळगुळीत असते. गतिरोधक आणि पावसाळ्यातले खड्डे पाहता 160–170 मिलिमीटर उंची येथे सोडवत नाही, म्हणून निदान पोट सपाट झाकून घेणे आणि चाकांच्या खोबणी लहान ठेवणे एवढेच हाती राहते.

हलकेपणा प्रत्यक्षात कसा येतो, हे साहित्यापेक्षा कारागिरीवर अधिक ठरते. कार्बनच्या धाग्यांचे महाग कापड विद्यार्थ्यांच्या बहुतेक चमूंच्या आवाक्याबाहेर असल्याने काचतंतूचे, कारखान्यांच्या बोलीत ‘फायबर’चे, कवच घडवले जाते. साच्याला मेण लावून घासायचे, त्यावर जेलकोट द्यायचा, तो बोटाला चिकटेनासा झाला की 450 ग्रॅमची मॅट अंथरून तीवर हार्डनर मिसळलेले रेझिन ब्रशने मुरवायचे आणि धातूच्या खाचदार रोलरने बुडबुडे बाहेर काढायचे. मिश्रण तापून घट्ट होण्याआधी हे सगळे उरकावे लागते. मॅटच्या एका थरात वजनाने तीस टक्क्यांच्या आसपास काच आणि उरलेले रेझिन असते, म्हणजे चौरस मीटरला सुमारे दीड किलो, आणि सहा-सात चौरस मीटरच्या कवचाला थरामागे दहा किलो. घाईत हात सढळ झाला की रेझिनची डबकी साचतात, बळ वाढत नाही आणि किलो वाढतात. शिवाय पातळ पत्र्याचा ताठपणा वाढतो तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात: जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट. म्हणून जाणकार दोन पातळ थरांमध्ये फोम किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखा गाभा ठेवून वजन फारसे न वाढवता जाडी मिळवतात. त्यापुढचे पाऊल म्हणजे सगळे पिशवीत घालून हवा शोषून घेणे, ज्यामुळे जादा रेझिन निघून जाते. त्यासाठी लागणारा निर्वात-पंप एमआयडीसीतल्या कोणत्याही ओळखीच्या गाळ्यात मिळू शकतो.

महाविद्यालयीन पातळीवर या विषयाला चालना दिली ती मुख्यतः शेल इको-मॅरेथॉन या स्पर्धेने, जिची मुळे 1939 साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात कंपनीच्या संशोधकांत लागलेल्या पैजेत आहेत आणि जिची आशियाई फेरी 2010 पासून भरू लागली. विद्याविहारच्या के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘टीम ईटा’ हा चमू या स्पर्धेसाठी वाहने बांधत आला आहे. स्पर्धेच्या प्रोटोटाइप गटात वाहनाचे वजन 140 किलोच्या आत, चालकाचे किमान 50 किलो, आणि चालकाला दहा सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे असे नियम आहेत. यांतील शेवटचा नियम आकार ठरवणाऱ्याला सर्वांत जास्त छळतो, कारण अरुंद कवचात जवळजवळ आडवा पडलेला चालक आणि झटकन उघडणारे मोठे झाकण एकत्र नांदवायचे असतात. तासाला सरासरी 25 किलोमीटर राखून इंजिन थोडा वेळ पेटवायचे, मग बंद करून गाडी वाहू द्यायची, हे तेथील चालवण्याचे तंत्र. भर रस्त्यात त्याचे अनुकरण करू नये, हे सांगितलेले बरे.

गुणांकाचा आकडा संगणकावर काढणे आज सोपे झाले आहे, आणि म्हणूनच तो मोजण्याच्या पद्धती या ग्रंथात सविस्तर दिल्या आहेत. लोकरीचे बोटभर धागे कवचावर चिकटवून शेजारच्या वाहनातून चित्रण केले, की प्रवाह चिकटलेला आहे तेथे धागे अंगाला सपाट टेकलेले आणि सुटला आहे तेथे सैरावैरा फडफडताना दिसतात. संगणकाने शेपटीच्या टोकाशी दाखवलेली सुटण्याची रेषा प्रत्यक्षात हातभर पुढे असल्याचे अशा चित्रणात अनेकदा निघते. ओढ आणि लोटण वेगळे काढण्यासाठी वाहन वेगात आणून न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ते मंदावत जाताना वेगाची नोंद ठेवतात. मंदावण्याचा दर एक स्थिर संख्या आणि वेगाच्या वर्गाशी निगडित संख्या यांच्या बेरजेने मांडला, की पहिली टायरची आणि दुसरी हवेची ठरते. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत किंवा पीथमपूरच्या चाचणी-मार्गावर ही चाचणी शिस्तीने होते. ठाणे जिल्ह्यात सपाट, सरळ आणि रिकामा किलोमीटर मिळणे कठीण असल्याने ती पहाटे, वारा पडलेला असताना, एकाच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्यावी लागते, आणि टायरमधील हवेचा दाब दर फेरीआधी तपासावा लागतो. दाब थोडा जरी उतरला तरी तो फरक लोटण-गुणांकात उमटतो, आणि आकार सुधारल्याचे किंवा बिघडल्याचे खापर मग उगाच शेपटीवर फुटते.